तीन शहरांचे एक शून्य

१

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नकाशांचे कपाट उघडले, आणि साडेदहाच्या आत सगळ्यांनी माझ्या धाकट्या भावाला गुन्हेगार ठरवूनही टाकले. आमच्या कार्यालयात इतक्या झटपट एकमत व्हायची ती पहिलीच वेळ. एरवी खिडकीच्या पडद्यांचा रंग ठरवायला आम्हाला तीन बैठका लागतात.

आमचे कार्यालय म्हणजे संयुक्त नियोजन मंडळ. एकाच नदीच्या काठी तीन शहरे आहेत. त्यांना आम्ही वरचे, मधले आणि खालचे म्हणतो. तिघांच्या नगरपालिका तीन आणि तोंडे तीन दिशांना. नदी मात्र एकच, आणि तिला कोणाची हद्द कुठे संपते याच्याशी काही देणेघेणे नाही. म्हणून रस्ते, पाणी, पूर असे जे एकट्याच्या आवाक्यातले नाही, ते तिघांनी मिळून ठरवायचे यासाठी हे मंडळ काढले.

त्या दिवशी दुपारी चार वाजता तिन्ही शहरे पूररेषेच्या नकाशांवर सह्या करणार होती. मोठ्यात मोठा पूर आला तर पाणी कुठवर चढेल, ती पूररेषा. रेषेच्या आतल्या घरांना पूर यायच्या आत दुसरीकडे हलवायचे आणि बाहेरच्यांनी निर्धास्त झोपायचे. पुराचे दिवस सहा आठवड्यांवर आले होते.

मूळ नकाशे जाड पारदर्शक फिल्मवर हाताने शाईने काढलेले होते, कारण तिन्ही शहरांचा एकमेकांच्या संगणकावर काडीचा विश्वास नव्हता. कपाटाला तीन कुलुपे, आणि किल्ल्या तिघांकडे एकेक. तिघे हजर असल्याशिवाय ते उघडतच नसे. त्या सकाळी तिघे हजर होते: वरच्या शहराचा इंजिनिअर, मधल्या शहराच्या नगराध्यक्षबाई आणि खालच्या शहराचे म्हातारे सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. शिवाय आमचे सचिव, मंडळाचे नकाशे काढणारा आरेखक म्हणजे माझा भाऊ, आणि मी. माझ्याकडे मोजणी विभाग आहे.

सचिवांनी आदल्या दिवशी सकाळीच, तिघांकडून कपाट उघडवून, नकाशांच्या छापील प्रती काढून ठेवल्या होत्या. एक प्रत त्यांनी सहज मूळ नकाशाशेजारी ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय?" ते म्हणाले. "चार नंबरची रेषा वेगळी आहे."

चार नंबरचा नकाशा खालच्या शहराचा. छापील प्रतीत तिथली गिरणी वसाहत रेषेच्या बाहेर होती. मूळ नकाशावर ती आत आली होती. जुनी रेषा पात्याने खरवडून कोणीतरी नवी काढली होती, आणि दोनशे बारा घरे एका दिवसात पाण्याखाली गेली होती.

"माझी माणसं उठवायचा डाव आहे हा!" अण्णा ओरडले. "काल दुपारी एक ते पाच कपाट उघडं होतं ना? कोण बसलं होतं इथं?"

सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळल्या. शेवटची शाई भरायला आदल्या दुपारी माझा भाऊच तिथे बसला होता.

"तू केलंस?" सचिवांनी विचारले.

भावाने माझ्याकडे पाहिले, मग खिडकीकडे पाहिले. "मला काही बोलायचं नाही," तो म्हणाला.

लहानपणी दुसऱ्याच्या चुकीसाठी मार खायची वेळ आली की तो अगदी असाच खिडकीकडे बघायचा.

२

सचिवांनी मला बाजूला घेतले. "चार वाजता ठराव मांडावा लागेल. बडतर्फी आणि पोलिसांत तक्रार. रेषा छापील प्रतीप्रमाणे परत काढून घेऊ आणि सह्या उरकू. आज सह्या झाल्या नाहीत, तर या तिघांना पुन्हा एका टेबलाशी बसवायला दोन वर्षं जातील."

"त्याने केलेलं नाही."

"मग कोणी केलं ते चारच्या आत सांगा. तो नकाशा तुमच्याइतका कोणाला वाचता येत नाही. भाऊ आहे म्हणून काही झाकलंत, तर ते मला तुमच्या तोंडावर दिसेल. तुम्हाला लपवाछपवी जमत नाही."

ते खरे होते. आई-वडील गेले तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि मी तेवीस. त्याच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून माझी सही असे. त्याला रेघ मारायलाही मीच शिकवले. सरकारी नकाशात फेरफार केल्याचा शिक्का एकदा बसला, की आरेखकाला पुन्हा कोणी पेन्सिलही हातात देत नाही. बायको आणि चार महिन्यांची मुलगी घेऊन तो कुठे जाणार होता?

मी आधी हजेरीची वही काढली. काल दुपारी नकाशांच्या खोलीत भावाखेरीज तिघेही येऊन गेले होते. इंजिनिअर वीस मिनिटे, नगराध्यक्षबाई दहा मिनिटे, अण्णा अर्धा तास. त्यातला काही वेळ भाऊ चहाला बाहेर गेला होता. म्हणजे संधी तिघांनाही मिळाली होती. मला एवढीच फट पुरे होती.

पहिला नंबर इंजिनिअरचा. आम्ही त्याला फूटपट्टी म्हणतो, कारण तो बसतो ताठ, चालतो ताठ आणि बोलताना समोरच्याला मोजत असतो. पूर्वी तो आरेखकच होता, त्यामुळे त्याच्या खिशात पाते कायम असते. खालच्या शहराशी त्याचे कधीच पटले नाही.

"या, या, शून्यबाई," तो म्हणाला. हे माझे टोपणनाव, त्याची गोष्ट पुढे येईलच. "माझ्यावर संशय आहे ना? असू द्या. पण मी केलं असतं तर इतका वेडेपणा केला नसता."

"वेडेपणा कसला?"

"वसाहत आत घ्यायची तर वसाहतीपुरती रेषा वाकवायची. दहा मिनिटांचं काम. हा माणूस शहरभर फिरलाय! पुरात लोकांनी आसऱ्याला जायची ती शाळा आत घेतली, बंद पडलेलं गोदाम आत घेतलं, ते पूर्वेचं पडीक रान आत घेतलं. तिथं गवताशिवाय काही नाही. त्या रानासाठी कोण हात काळे करील?"

मी घाईघाईत फक्त वसाहतच पाहिली होती. परत जाऊन नकाशावर वाकले, तर तो म्हणत होता ते खरे निघाले. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नव्याने काढली होती. जवळजवळ मीटरभर लांबीची खरवड होती ती. इतके काम वीस मिनिटांत होत नाही, अर्ध्या तासातही होत नाही. दोन-अडीच तास तरी हवेत, आणि तेवढा वेळ त्या खोलीत एकच माणूस बसला होता.

३

तरीही मी नगराध्यक्षबाईंकडे गेले. माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो, तशी माझी गत झाली होती. भावाकडून कोणी हे काम करवून घेतले असेल, कोणाच्या दबावाखाली त्याने केले असेल, असे काहीतरी मला हवे होते.

नगराध्यक्षबाई फोनवर कोणाला तरी झापत होत्या. तिन्ही शहरांचे मिळून एक रुग्णालय व्हावे म्हणून त्या तीन वर्षे जिवाचे रान करत आहेत. गिरणी वसाहतीच्या जागेवर त्यांचा डोळा आहे, हे कार्यालयातल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे.

मी आडवळणाने सुरुवात केली. त्यांनी फोन ठेवला आणि मलाच सरळ केले.

"वसाहत उठली की माझं रुग्णालय होणार, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? बाई, पूररेषेच्या आत मी रुग्णालय बांधू? रोग्यांना पोहायला शिकवू? काल सकाळपर्यंत ती जागा निदान बांधण्याजोगी होती. या नव्या रेषेने माझी तीन वर्षं पाण्यात गेली."

"मग यातून फायदा कोणाचा?"

"तेच मी मघापासून बघतेय. कोणाचाच नाही." त्यांनी छापील प्रत पुढे ओढली. सकाळी मूळ नकाशावर पाहिलेली नवी रेषा त्यांनी पेन्सिलीने तिच्यावर काढून ठेवली होती. "आणि हे बघितलंत? आमच्या हद्दीशी येऊन तुमची नवी रेषा तुटते. आमच्या बाजूला जुनीच आहे, तिला हातही लावलेला नाही. नदीचं पाणी काय हद्दीवर येऊन पायरी उतरणार आहे का? मला मोजणीतलं कळत नाही, पण एवढं कळतं."

बदल फक्त खालच्या शहरापुरता होता आणि तिथे मात्र कोपरा न् कोपरा बदललेला. मला वाटले, त्या शहरावर दात ठेवणारा कोणीतरी असणार. मग लगेच वाटले, दात ठेवणारा माणूस पडीक रानावर कशाला दात ठेवील?

घड्याळात सव्वा वाजला होता. मी सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते.

४

अण्णा कार्यालयाच्या मागच्या बाकावर एकटेच बसले होते. सकाळचा आरडाओरडा ओसरला होता. नव्या रेषेने त्यांचे स्वतःचे घरही आत घेतले होते, हे त्यांना एव्हाना कळले होते.

"अण्णा, काल तुम्ही अर्धा तास खोलीत होतात."

"होतो. तुझ्या भावाशी बोलत होतो." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे तुझं पत्र. चार वर्षांपूर्वीचं. आठवतं का?"

मला आठवले. चार वर्षांपूर्वी नदीला बेताचा पूर आला होता. अण्णांनी मंडळाला लिहिले की पाणी गिरणीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले होते, तेव्हा नकाशा पुन्हा तपासावा. आमच्या नकाशाप्रमाणे इतक्या पुरात पाणी नदीच्या काठाबाहेरही यायला नको होते. मी उत्तर पाठवले होते की नकाशा बरोबर आहे, आपल्याकडची गटारे तुंबल्यामुळे पाणी उलटे आले असावे. खाली माझी सही होती, चांगली लफ्फेदार.

"मी तीनदा गटारं साफ करवून घेतली," अण्णा म्हणाले. "मग गप्प बसलो. म्हटलं, शून्यबाई सांगतेय, तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं."

"भावाशी काय बोललात?"

"त्यानंच विचारलं. पाणी नक्की कोणत्या पायरीला लागलं होतं, वरून मोजून का खालून मोजून. मी म्हटलं, अरे, गेल्या महिन्यात तू दोन दिवस गिरणीच्या पायरीवर तिपाई लावून, दुर्बिणीतून बघत उभा होतास, तेव्हाच विचारायचंस की!"

"कोण उभा होता?"

"तुझा भाऊ. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हते. माझा भाऊ आरेखक आहे. तो आत बसून नकाशे काढतो. बाहेर जाऊन मोजणी करणे हे माझ्या विभागाचे काम, आणि माझ्या परवानगीशिवाय तिपाई कार्यालयाबाहेर न्यायची नाही असा नियम आहे.

५

मी नकाशांच्या खोलीत आले, दार लावले आणि पट्टी घेऊन बसले. इतका वेळ मी माणसांना विचारत फिरत होते. नकाशाला मात्र काही विचारलेच नव्हते.

जमिनीची उंची नकाशावर बारीक रेघांनी दाखवलेली असते आणि प्रत्येक रेघेवर आकडा असतो. जुनी पूररेषा कोणत्या उंचीवरून जात होती ते छापील प्रतीवर पाहिले. नवी कोणत्या उंचीवरून जाते ते मूळ नकाशावर पाहिले. वसाहतीपाशी फरक निघाला दोन मीटर चाळीस. शाळेपाशी दोन चाळीस. गोदामापाशी, अण्णांच्या घरापाशी, पडीक रानात, सगळीकडे दोन चाळीस. हे करणाऱ्याला ना जमीन हवी होती, ना कोणाला उठवायचे होते. तो एक आकडा दुरुस्त करत होता.

दोन चाळीसचे निम्मे एक वीस होतात, आणि एक वीस हा आकडा मी ओळखत होते.

आता त्या टोपणनावाची गोष्ट सांगायला हवी. मंडळ सुरू झाले तेव्हा तिन्ही शहरे आपापली उंची आपापल्या दगडापासून मोजत. वरच्या शहराचा दगड पाण्याच्या टाकीपाशी, मधल्याचा पुलापाशी, खालच्याचा गिरणीपाशी. एका शहराचे दहा मीटर दुसऱ्याचे बारा होत. समाईक नकाशा काढायचा, तर शून्यही समाईक हवे. कोणाचा दगड शून्य मानायचा यावर वर्षभर भांडणे झाली. शेवटी मीच तोडगा काढला, की कोणाचाच नको, आमच्या कार्यालयाच्या पायरीत एक खिळा ठोकू आणि त्याला शून्य म्हणू. तिन्ही शहरांनी ते मानले. तेव्हापासून मी शून्यबाई, आणि खोटे कशाला सांगू, मला ते नाव आवडायचे.

मग एक तक्ता केला. कोणाच्या आकड्यात किती मिळवले की आमचा आकडा येईल, ते त्यात होते. वरचे शहर, अधिक तीन दहा. मधले, अधिक शून्य चाळीस. खालच्याचा दगड खिळ्यापेक्षा खाली होता, म्हणून उणे एक वीस.

हे पाहून अण्णा बैठकीत उठून उभे राहिले होते. "आमच्या एकट्याच्या नावापुढे उणे? गावात हे वाचून दाखवू मी? आम्ही काय कमी आहोत?" दोन महिने त्यांनी तक्त्यावर सही केली नाही. मग मला युक्ती सुचली. खालच्या शहराचा दगड खिळ्याच्या एक वीस खाली असे न लिहिता, खिळा त्यांच्या दगडाच्या एक वीस वर असे लिहिले. अर्थ तोच, पण चिन्ह अधिकचे. तळाशी बारीक अक्षरांत खुलासा केला. अण्णा खूश, सगळे खूश, त्याच बैठकीत सह्या झाल्या.

मी कपाटाच्या तळातून तो तक्ता काढला. तीन ओळी, तीन अधिक. शेजारी अकरा वर्षांपूर्वीचे माझ्याच हातचे आकडेमोडीचे पान होते. भांडण मिटल्याच्या आनंदात मी तिन्ही शहरांचे आकडे सलग घेतले होते आणि तिन्हींत मिळवत गेले होते. तळाचा खुलासा मी स्वतः लिहिला होता आणि मीच तो वाचला नव्हता.

एक पायरी उतरायची तिथे एक पायरी चढले, म्हणजे चूक दोन पायऱ्यांची. खालच्या शहराची सगळी जमीन माझ्या नकाशात अकरा वर्षे दोन मीटर चाळीसने उंच होती. गटारे तुंबलेली नव्हती.

६

भाऊ जिन्याखालच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले.

"कधी कळलं?"

"महिना झाला. चार नंबर काढताना अण्णांचं ते जुनं पत्र फायलीत दिसलं. म्हटलं बघू तरी. खिळ्यापासून गिरणीपर्यंत मोजत गेलो, दोनदा मोजलं. मग तक्ता बघितला."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? शून्यबाईचं शून्य चुकलं म्हणून सांगू?" तो म्हणाला. "या इमारतीत तुझ्याबद्दल चांगलं बोललं जातं ते तेवढ्यावर, ताई. तू लग्न केलं नाहीस, कुठं गेली नाहीस, माझं शिक्षण आणि हे ऑफिस, बस. म्हटलं, रेषा गुपचूप बरोबर करून टाकू. सह्या होतील, माणसं हलवली जातील, तुझं नावही येणार नाही. प्रती आधीच छापल्यात हे मला कोण सांगणार?"

मला त्याला एक थप्पड द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावेसे वाटले. दोन्ही केले नाही.

"आता ते जुनी रेषा परत काढणार आहेत, कळतंय तुला? तू तोंड मिटून बसलास तर तुझी नोकरी जाईल आणि वसाहत पण जाईल."

"मी विचार केलाय," तो घाईघाईने म्हणाला. "दगड खचला असं सांगू. गिरणीचा दगड. नदीकाठची माती, खचू शकतो. तू सांगितलंस तर सगळे मानतील. चूक कोणाचीच नाही. रेषा नवीनच राहील, मीही सुटेन."

सव्वातीन वाजले होते. मी कबूल करते, मी त्या वाक्याला चिकटून बसले. दगड खचला. दोन शब्द. कोण तपासणार होते? तपासायचे झाले तर मलाच सांगितले असते. भाऊ सुटत होता, वसाहत वाचत होती, मीही शून्यबाई राहत होते. किती वेळ बसले कोण जाणे.

मग मला शाळा आठवली. दगड आत्ता खचला म्हटले की आधीची सगळी मोजमापे खरी ठरतात. पुरात वसाहतीतल्या लोकांनी जिथे आसऱ्याला जायचे, ती शाळा उंचावर आहे हे मीच त्या तक्त्यावरून ठरवले होते. धोक्याचा भोंगा पाणी कुठे आल्यावर वाजवायचा, तो आकडाही त्याच तक्त्यातला. नकाशावर रेषा बदलली तरी आसऱ्याच्या यादीतली शाळा आणि भोंग्याचा आकडा तसेच राहिले असते, आणि वाजला तर भोंगा उशिराच वाजला असता.

"ऊठ," मी म्हणाले.

"ताई, नको. हात जोडतो."

"ऊठ म्हणते ना."

७

बैठकीत मी सात मिनिटे बोलले. तक्ता मांडला, माझे आकडेमोडीचे पान मांडले, शेजारी भावाची दोन दिवसांची मोजणी ठेवली. रेषा भावाने बदलली, हे सांगितले. चूक माझी, हेही सांगितले.

फूटपट्टीने पान ओढून घेतले, खिशातल्या कागदावर स्वतः एकदा गणित केले आणि मान खाली घातली. एरवी खालच्या शहराला टोमणा मारायची संधी तो सोडत नाही.

"ते उणे मीच काढायला लावलं होतं," अण्णा हळूच म्हणाले. "माझ्यामुळे."

"तुम्ही चिन्ह काढायला लावलंत. तळाची ओळ वाचायचं काम माझं होतं."

सचिवांनी नियमाप्रमाणे सगळे केले. भावाची चौकशी लागली, कारण मूळ नकाशाला परवानगीशिवाय हात लावणे हा गुन्हाच आहे, रेषा बरोबर असो वा नसो. पोलिसांची गोष्ट मात्र मागे पडली. मी निलंबित झाले. सह्या झाल्या नाहीत. त्याऐवजी तिन्ही शहरांनी आपापले मोजणीदार उद्यापासून एकत्र पाठवायचे ठरवले, खालचे शहर खिळ्यापासून नव्याने मोजायला. ते ठरायला पाच मिनिटे लागली.

"निलंबनाचा कागद उद्या निघेल," नगराध्यक्षबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "अजून दीड-दोन तास उजेड आहे. वसाहतीतल्या लोकांना दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुम्ही सांगा."

म्हणून आम्ही दोघे गेलो. भावाने पट्टी आणि दुर्बीण घेतली, मी लाल रंगाचा डबा. मोठ्या पुराचे पाणी प्रत्येक घरात कुठवर येईल, ती खूण भिंतीवर करायची होती. नकाशावरची रेषा लोकांना कळत नाही, भिंतीवरची कळते.

पहिल्याच घराच्या दारात एक तरुण बाई शिवणयंत्रावर बसली होती. मांडीवर मूल होते, पाय यंत्रावर चालू होते. मी कोण आणि कशासाठी आले ते सांगितले. भाऊ दुर्बिणीतून बघत हाताने वर, वर अशी खूण करत गेला, आणि मला हात उंच करावा लागला. मी ब्रश ओढला. खूण माझ्या डोक्याच्या वीतभर वर झाली.

बाईने यंत्र थांबवले. ती खुणेकडे बघत राहिली. मग तिने घरात बघितले, पलंग, कपाट, खाली मांडलेले कापडाचे गठ्ठे, सगळ्यांवरून तिची नजर त्या उंचीवर फिरून आली.

"इथपर्यंत?"

"हो."

"पण आमचं घर बाहेर आहे म्हणाले होते ना?"

"मी म्हणाले होते," मी सांगितले. "माझी चूक झाली. हिशेब मी केला होता आणि तो चुकला. अकरा वर्षं."

ती ओरडेल, शिव्या देईल, निदान सासूला हाक मारील म्हणून मी उभी होते. मला ते हवेच होते. पण तिने माझे बोलणे ऐकले की नाही कोण जाणे. ती उठली आणि मांडीवरचे मूल माझ्या हातात दिले.

"जरा धरा याला," ती म्हणाली, आणि आत जाऊन एकेक गठ्ठा उचलून माळ्यावर टाकायला लागली.

मुलाने माझ्या रंगाने भरलेल्या बोटांपैकी एक मुठीत पकडले. त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरून, ती बाहेर येईपर्यंत मी भिंतीपाशी उभी राहिले.